चौरंगावरचा चेंडू

मला क्रिकेट आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते कुणा भक्ताचं कीर्तन नाही एवढं तरी लक्षात येईल. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी पत्रिका बघितली, नोकरीची चौकशी केली, चष्म्याचा नंबर विचारला. मुलगा सुट्टीचा अख्खा दिवस कुठे असतो हे मात्र कुणी विचारलं नाही. नवरा ओमानमधल्या सोहारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर. शुक्रवारी उजाडायच्या आत बॅट काखोटीला मारून जो जायचा, तो धुळीनं माखून परत यायचा आणि संध्याकाळभर त्या धुळीचं वर्णन करायचा. मी तिथल्याच एका भारतीय शाळेत गणित शिकवत होते. आठवडाभर वर्गाचा गोंगाट ऐकल्यावर सुट्टीच्या दिवशी मला शांतता हवी असायची, आणि मिळायचा स्कोअर.

मैदानावरच्या जुन्या मंडळींकडून त्याच्या कानावर एका माणसाची गोष्ट सारखी यायची. ओमानमध्ये आपले लोक क्रिकेट खेळायला लागले त्या अगदी सुरुवातीच्या काळातला हा फास्ट बोलर. हल्लीचे तुमचे सगळे बोलर त्याच्यापुढे पाणी भरतील, असं ती मंडळी म्हणायची. माणूस अजून आहे, समुद्रकाठच्या खाबुऱ्याला पंपदुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो, असंही कळलं. झालं. पुढच्याच शनिवारी आमची गाडी खाबुऱ्याच्या रस्त्याला लागली. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदाच्या आसपास, सासूबाई गुहागरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना समुद्र दाखवायला नेतोय असं नवऱ्यानं सांगितलं. समुद्र त्यांनी जन्मभर पाहिला होता, पण मुलगा हौसेनं नेतोय म्हणून त्या गप्प बसल्या.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट गाळा. दाराशी शेतावरचे पंप खोलून पडलेले, आत एक लेथ, आणि लेथपाशी पांढऱ्या दाढीचा, उंच, जरासा पोक काढलेला माणूस. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून चाचा म्हणायला लागलो. नवरा बोलिंगबद्दल काहीतरी अदबीनं बोलणार, तेवढ्यात चाचांनी सासूबाईंच्या तोंडचं एक वाक्य ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. गाव कुठलं विचारलं. त्या गुहागरकडच्या, हे दाभोळचे. खाडीच्या अल्याड-पल्याड. पुढचा तासभर तरीची फेरी, कुठल्या बाजूची कोलंबी चांगली, कोण वारलं आणि कोणाचा मुलगा काय करतो, यातच गेला. चाचांनी करक, म्हणजे दुधाळ मसालेदार चहा, मागवला. माझा नवरा एका उलट्या बादलीवर बसून वाट बघत राहिला. मला फार बरं वाटलं.

मग केव्हातरी चाचांनी कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक उघडली.

त्यांची सगळी कारकीर्द त्या ट्रंकेत होती. मुंबईच्या गोदीतली लेथवरची नोकरी सोडून ते सत्तरच्या दशकात इथे आले. अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, शेती होती, तिचे पंप सांभाळायचे. सुट्टी फक्त शुक्रवारी, आणि त्या दिवशी क्रिकेट. हिरवळ वगैरे काही नव्हतीच. माळावरचे गोटे वेचायचे, पिंपात वाळू भरून ते लोळवायचं, धूळ बसावी म्हणून वापरलेलं इंजिन ऑइल शिंपडायचं आणि मधोमध काथ्याची मॅट लोखंडी खिळ्यांनी ठोकायची. पहाटे खेळ सुरू, जुम्म्याच्या नमाजाला थांबायचा, नंतर ऊन कलेपर्यंत पुन्हा. समोर बँकवाले, तेल कंपन्यांचे बाबू, कंत्राटदारांचे संघ. त्यांच्यातले बरेचजण मुंबईहून शिवून आणलेले पांढरे कपडे घालून यायचे. चाचा कॅनव्हासच्या बुटांत धावायचे. त्यांचा रनअप एवढा लांब, की तो उभ्या केलेल्या पिकअपच्या मागून सुरू व्हायचा. फलंदाजाला आधी पावलं ऐकू यायची आणि मग माणूस दिसायचा.

ते कॅनव्हासचे बूट ट्रंकेत होते. उजव्या बुटाचं नाक घासून पार गेलेलं. एक टोपी होती, कसर लागलेली. मॅट ठोकायचा वीतभर लांब खिळा होता. संघाचा एक फोटो होता, त्यात चाचा मागच्या रांगेत उभे, कुणाकडेच न बघता. आणि एक चेंडू होता. स्वतःच्याच लेथवर कातलेल्या पितळी बैठकीवर बसवलेला, काळपट लाल. तो त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला नाही, फक्त दाखवला.

त्या चेंडूची गोष्ट अशी. एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना. मस्कतच्या एका बँकेचा संघ जिंकायच्या बेतात आलेला. त्यांची शेवटची जोडी मैदानात, त्यातला एक फलंदाज सकाळपासून खेळपट्टीवर ठाण मांडून बसलेला, कुणालाच दाद देईना. चाचांनी चेंडू टाकला, तो थेट मागे गेला, आणि ऑफ स्टंपवरची बेल खाली पडलेली दिसली. अंपायरनं बोट वर केलं. चाचांचा संघ जिंकला. पण फलंदाज जाता जाता म्हणाला, की चेंडू स्टंपला लागलाच नाही, बेल वाऱ्यानं पडली. त्या दिवशी समुद्राकडून जोराचं वारं होतं हे खरंच होतं. अंपायर पुढे भारतात परत गेला, त्याचा पत्ता लागला नाही. फलंदाज मात्र इथेच राहिला, मोठा झाला, आणि जिथे जिथे त्या सामन्याची आठवण निघे तिथे तिथे वाऱ्याचं नाव घेत राहिला. चाचांना ते दर वेळी कोणाकडून तरी कळायचं. पस्तीसेक वर्षं हे चाललं होतं.

आता चाचा कायमचे गावी जाणार होते. अर्बाब वारला होता, त्याच्या मुलांना शेतीत रस नव्हता, गाळा रिकामा करायचा होता. ईद करून निघायचं ठरलं होतं. ट्रंक गावी न्यावी तर मुलगे म्हणत होते, हे भंगार कशाला आणता. आणि नेमकं त्याच वेळी मस्कतमधल्या जुन्या खेळाडूंच्या एका मंडळानं आपल्या हॉलमध्ये काचेचं कपाट करायचं ठरवलं, सुरुवातीच्या काळातल्या वस्तू ठेवण्यासाठी. चाचांना आपल्या वस्तू तिथे हव्या होत्या. जिथे घडलं तिथेच राहू दे, असं ते म्हणायचे. पण चेंडूखालच्या कार्डावर 'बोल्ड' हा शब्द पाहिजे, नाहीतर चेंडू देणार नाही. आणि त्या मंडळाचा कारभार बघणारा माणूस होता कोण? तोच फलंदाज. मस्कतमधल्या अल् खुवैरला मोठी कंपनी चालवणारे साहेब. त्यांनी निरोप पाठवला, की कार्डावर 'अंतिम सामन्यातील चेंडू' एवढंच येईल, जे नक्की माहीत नाही ते लिहिता येणार नाही.

नवऱ्यानं मध्यस्थी अंगावर घेतली. कारखान्यात युनियन आणि मॅनेजमेंटमध्ये बोलणाऱ्या माणसासारखा तो रोज दोघांना फोन करत होता. मी त्याला म्हटलं, एका शब्दासाठी दोन म्हातारे काय भांडतायत, अर्धा खाबुरा हसत असेल. तो पुन्हा फोन लावायला लागला. खरं सांगायचं तर चेंडू दाखवताना चाचांनी तो आपल्याच हातात कसा घट्ट धरला होता ते मला आठवत होतं, आणि तो शब्द त्यांना मिळावा असं मलाही वाटायला लागलं होतं. पण हे मी नवऱ्याला कळू दिलं नाही.

शेवटी असं ठरलं. गाळा रिकामा होत असल्यामुळे ट्रंक आमच्या घरी आणून ठेवायची. साहेबांचं शुक्रवारी सोहारला काहीतरी काम होतं, ते सकाळी दहाला येऊन वस्तू बघतील, कार्डाचं बोलतील आणि जातील. चाचा दुपारी चारला येतील. दोघांची गाठ पडायला नको, असं नवऱ्याचं चोख नियोजन. त्यात फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात नव्हती. तो शुक्रवार दसऱ्याचा होता.

दसऱ्याला सासूबाईंच्या पद्धतीनं हत्यारांची पूजा असते. ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं जे साधन असेल ते सकाळी चौरंगावर मांडायचं, हळदकुंकू, फूल वाहायचं, आणि मग दिवेलागणीला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारानंही विश्रांती घ्यायची. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा चौरंग मांडून झाला होता. नवऱ्याचं कारखान्याचं हेल्मेट, माझी फळ्यावर वापरायची भलीमोठी लाकडी कंपासपेटी, त्यांची स्वतःची विळी. आणि मधोमध, पितळी बैठकीवर, चाचांचा चेंडू. शिवणीच्या दोऱ्यावर हळदीची दोन बोटं, त्यावर कुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. शेजारी मॅटचा खिळा, त्यालाही हळद.

मी चौरंगापाशी गेले. सासूबाईंना विचारलं, अहो, हे कोणी सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, त्यांचं हत्यार आपल्या घरात पाहुणं आलंय, मग त्याला तसंच ट्रंकेत ठेवायचं का दसऱ्याच्या दिवशी? ज्या चेंडूला चाचांनी नवऱ्याला हात लावू दिला नव्हता, त्याला आता धुऊनही न जाणारी हळद लागली होती, आणि चाचा मुसलमान, त्यांना काय वाटेल कोण जाणे. नवरा तर चौरंगाभोवती नुसत्या फेऱ्या मारत होता.

दहाला साहेब आले. गोरेपान, नेटके, इस्त्रीचा शर्ट, मराठी अगदी स्वच्छ. बूट काढून आत आले, चेंडू पाहिला आणि नकळत हात पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत नाही. साहेबांनी हात लगेच मागे घेतला. लहानपणी घरी वळण लागलेलं असणार, नाहीतर एवढ्या मोठ्या माणसानं एवढ्या पटकन ऐकलं नसतं. मग सासूबाईंनी सांगितलं, की सणाच्या दिवशी आलात, जेवल्याशिवाय जायचं नाही, आणि जेवण व्हायला वेळ आहे. साहेबांनी घड्याळ पाहिलं, ड्रायव्हरला फोन करून काम उद्यावर टाकलं आणि सोफ्यावर बसले.

नवरा बाल्कनीत जाऊन चाचांना फोन लावत होता. आज चारलाही येऊ नका, उद्या या, असं सांगायचं होतं. फोन बंद. जुम्म्याची नमाज झाल्यावर चाचा कुणाच्या तरी पिकअपमधून निघाले आणि दीडच्या सुमारास आमच्या दारात उभे राहिले. चारपर्यंत त्यांना दम निघाला नव्हता. हातात खाबुऱ्याच्या लिंबांची पिशवी होती. आत साहेबांना बघून ते उंबऱ्यावरच थबकले.

मी आधी चेंडूचं बोलून घेतलं. म्हटलं, चाचा, आईंनी हळद लावली, रागावू नका. त्यांनी चौरंगापाशी वाकून चेंडू बघितला. मग म्हणाले, की गोदीत होते तेव्हा दसऱ्याला प्रत्येकाच्या लेथला हार असायचा, त्यांच्याही लेथला. पेढा वाटायचे. चेंडूला अजून कुणी फूल वाहिलं नव्हतं, ते आज वाहिलं. एवढं बोलून ते आत आले आणि साहेबांपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसले. त्या दोघांनी एकमेकांना मान हलवली. बस. टीव्हीवर कुठलातरी सामना चालू होता, दोघंही तिकडेच बघत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. माझा नवरा जन्मात पहिल्यांदाच टीव्ही बंद करू का म्हणून विचारत होता.

कोंडी सासूबाईंनी फोडली, तीही मुद्दाम नाही. श्रीखंड करायचं होतं. आमच्याकडे पुरणयंत्र नव्हतं, आणि चक्का-साखर त्यांना कापडातूनच गाळलेली लागायची. त्यासाठी पातेल्यावर मलमल ताणून धरायला दोन माणसं लागतात. मी पुऱ्यांची कणीक मळत होते, नवऱ्याचा त्यांना भरवसा नव्हता. त्या पातेलं घेऊन सरळ हॉलमध्ये आल्या, खाली बसल्या आणि दोघा पाहुण्यांना हाक मारली. अल् खुवैरचे साहेब एका बाजूला, खाबुऱ्याचे चाचा दुसऱ्या बाजूला, दोघांच्या मुठीत कापडाची टोकं, मध्ये सासूबाई चक्का रगडतायत. मी कणकेच्या हातांनी दारात उभी राहून बघत होते. सोडून उठता येत नव्हतं दोघांनाही, कापड ढिलं झालं की सासूबाई ओरडायच्या.

रगडता रगडता त्यांनी विचारलं, त्या चेंडूचं नक्की झालं काय होतं? दोघांनीही सांगायला सुरुवात केली, पण एकमेकांना नाही, त्यांना. साहेबांनी वारा सांगितला. किती जोराचा होता, आदल्या चेंडूला टोपी कशी उडाली होती. चाचांनी चेंडू सांगितला. कुठे टप्पा पडला, मॅटवरून कसा आत वळला. दोघांचंही बोलणं इतक्या वर्षांत घोटून घोटून गुळगुळीत झालं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पण बेल पडताना बघितली कोणी? तुम्ही बघितलीत?" त्यांनी चाचांना विचारलं.

चाचांनी कापड आणखी ताणून धरलं.

"नाय," ते शेवटी म्हणाले. "माजा पाय मॅटीच्या कडेत अडकला. मी तोंडावर पडलो हुतो. उठलो तवा अंपायरचा बोट वर हुता." मग जरा थांबून म्हणाले, "ह्या मी कुनाला सांगितला नाय. बायकोला पन नाय."

नवरा भिंतीला टेकून उभा होता, तो हळूच खाली बसला. मला वाटलं, झालं, आता साहेब जिंकले. वारा जिंकला. इतक्या वर्षांचा हट्ट, त्या ट्रंकेत जपलेली ती पितळी बैठक, आणि माणसानं स्वतःच्या तोंडानं सगळं सोडून दिलं, तेही श्रीखंडाचं कापड धरून.

साहेब खाली पातेल्याकडे बघत होते. सासूबाईंनी त्यांनाही तेच विचारलं. तुम्ही तर समोरच होतात, तुम्हाला दिसलं असेल.

"मला दिसलं नाही," साहेब म्हणाले. "मी डोळे मिटले होते."

साहेबांनीच पुढे सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. सकाळपासून ते खेळत होते, पण शेवटी शेवटी पिकअपच्या मागून पावलं ऐकू आली की त्यांचा पाय आपोआप मागे सरकायचा. त्या चेंडूला तर बोलर दिसला, हात वर गेलेला दिसला, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा बेल खाली होती. चेंडूनं पडली की वाऱ्यानं, त्यांना माहीत नव्हतं. डोळे मिटले होते हे कुणाला सांगायला नको, म्हणून वारा.

चाचा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. इतका वेळ साहेबांशी एक शब्द न बोललेले चाचा एकदम एकेरीवर आले.

"डोले मिटलास तू?"

"हो."

"माज्या बोलिंगला?"

"हो रे बाबा. घट्ट."

चाचांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले आणि मी घाबरले, पण ते हसत होते. आवाज न करता, पोटातून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग साहेबही हसायला लागले, आणि कापड ढिलं झालं, आणि सासूबाईंनी दोघांनाही दटावलं. मी आत जाऊन पुऱ्या लाटायला घेतल्या. मला रडू येत होतं आणि कणकेच्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते. क्रिकेट न आवडणाऱ्या बाईची ही गत.

जेवताना चाचांनी साहेबांना तो प्रसंग आणखी दोनदा सांगायला लावला. तिसऱ्यांदा साहेबांनी नकार दिला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितला, सासूबाईंना, जणू त्या तिथे नव्हत्याच. मग नवऱ्याला खिळा कसा ठोकायचे ते हातवारे करून दाखवलं. साहेबांना आठवण झाली, की कोणीतरी शेळी मैदानात सोडली होती, आणि त्यावरून अर्धा तास गेला. ऊन उतरेपर्यंत हॉलमध्ये नुसता कालवा चालला होता, आणि मला तो अजिबात खटकला नाही.

दिवेलागणीला सासूबाईंनी निरांजन ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि चौरंग जरासा हलवला. आता घ्या म्हणाल्या. नवऱ्यानं कोरं कार्ड आणि पेन आणून टेबलावर ठेवलं. त्याचा चेहरा परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा झाला होता. कार्डावर काय लिहायचं, त्यानं विचारलं.

"काय नको लिवू," चाचा म्हणाले. "नुसता चेंडू ठेव. मना जा पायजे हुता ता गावला."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, कार्ड आपल्याकडे ओढलं आणि खाली वाकून सावकाश लिहिलं. चाचांचं पूर्ण नाव, त्यापुढे स्वतःचं नाव, आणि मध्ये मोठ्या अक्षरांत 'बोल्ड'. खाली सही केली आणि कार्ड चाचांपुढे सरकवलं.

चाचांनी ते हातात घेतलं, दूर धरून वाचलं, जवळ धरून वाचलं. कार्ड त्यांनी चेंडूपाशी अलगद टेकवून उभं केलं, आणि साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वारा पन हुता हां त्या दिशी," ते म्हणाले. "लय हुता."